पिवळ्या बेल्टवर थांबलेल्या मुली

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्या वस्तीतल्या शाळेच्या हॉलमध्ये तायक्वांदोची बेल्ट परीक्षा होती. शेजारच्या घरातली आठ वर्षांची मुलगी तीन दिवस आधीपासून ‘चाचा, तुम्ही यायचंच’ म्हणून मागे लागली होती, म्हणून गेलो. बेंच भिंतीला सरकवलेले, मधे निळ्या-लाल मॅट, टेबलामागे बाहेरगावाहून आलेले परीक्षक आणि दारात चपलांचा ढीग. मुले बेल्टच्या रंगाप्रमाणे रांगांत बसली होती. पुढे पांढरे, मग पिवळे, मग हिरवे, निळे आणि शेवटी लाल बेल्टवाले.

परीक्षा दोन तास चालली. तेवढ्या वेळात मी रांगा न्याहाळत होतो. पांढऱ्या बेल्टच्या रांगेत मुली मुलांपेक्षा जास्तच होत्या. पिवळ्या रांगेत दोघे जवळपास बरोबरीने. हिरव्या रांगेत मुली बोटांवर मोजण्याइतक्या. निळ्या रांगेत एकच. लाल रांगेत एकही नाही.

परीक्षा संपल्यावर प्रशिक्षक सरांना विचारले, मुली मागे पडतात का? ते म्हणाले, ‘उलट आहे. मुलींचं शरीर जास्त लवचिक, पूमसे त्यांच्या लवकर पाठ होतात, शिस्तीतही त्या पुढे. पण सहावी-सातवीत गेल्या की बंद होतात. कोणी भांडत नाही, कोणी सांगायलाही येत नाही. एक दिवस येत नाहीत, मग येतच नाहीत. फी भरलेली असते, तरी येत नाहीत.’

हे संपादकीय त्या न येणाऱ्या मुलींविषयी आहे. तायक्वांदोचा वर्ग वय आणि पातळी पाहून कसा आखतात हे समजून घेतले, तर मुली नेमक्या कोणत्या पायरीवर गळतात आणि का गळतात, ते कळते. ही गळती थांबवणे आपल्या, म्हणजे वस्तीतल्या साध्या माणसांच्या हातातले काम आहे, हेही कळते.

आधी खेळाविषयी थोडे. तायक्वांदो हा कोरियन शब्द आहे. ‘ते’ म्हणजे पाय, ‘क्वोन’ म्हणजे मूठ आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. कोरियातल्या वेगवेगळ्या युद्धकला शिकवणाऱ्या शाळा एका छत्राखाली याव्यात, म्हणून १९५५ मध्ये हे नाव पुढे आले. आज ज्या संघटनेच्या नियमांनी ऑलिम्पिकच्या लढती होतात, ती १९७३ मध्ये स्थापन झाली. १९८८ च्या सोल आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये हा खेळ प्रदर्शनापुरता होता. २००० मध्ये सिडनीला त्यात पहिल्यांदा पदके दिली गेली. त्या पहिल्याच वेळी पुरुषांचे चार आणि महिलांचे चार वजनगट होते. अनेक खेळांत बायकांना ऑलिम्पिकचे दार उघडायला कित्येक दशके भांडावे लागले. तायक्वांदोत ते दार पदकांच्या पहिल्या दिवसापासून दोघांसाठी सारखेच उघडे आहे. आमच्या हॉलमधल्या रांगा पाहताना ही गोष्ट फार बोचत होती.

या खेळाचे शिक्षण पायऱ्यांनी चालते. नवा विद्यार्थी सहा वर्षांचा असो की साठ वर्षांचा, तो पांढऱ्या बेल्टने सुरुवात करतो. डॉक्टरच्या मुलाला पिवळा आणि रिक्षावाल्याच्या मुलाला पांढरा, असे नसते. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या पायऱ्यांना कोरियन भाषेत ‘गुप’ म्हणतात; दहावा गुप सगळ्यात खालचा, पहिला गुप काळ्या बेल्टच्या अगदी अलीकडचा. काळ्या बेल्टपासून पुढे ‘दान’ सुरू होतात. पंधरा वर्षांखालच्या मुलाने काळ्या बेल्टची परीक्षा दिली, तर त्याला दान देत नाहीत, ‘पूम’ देतात. लहान मुलाचे कौशल्य मान्य करायचे, पण त्याच्या खांद्यावर मोठ्यांची जबाबदारी टाकायची नाही, एवढी समज त्या एका वेगळ्या शब्दात आहे. दानांमध्येही घाई नाही. पहिल्याहून दुसऱ्या दानाला किमान एक वर्ष, दुसऱ्याहून तिसऱ्याला दोन, तिसऱ्याहून चौथ्याला तीन. वर जावे तशी वाट लांब होत जाते.

प्रत्येक पायरीवर काय शिकायचे तेही ठरलेले आहे. सुरुवातीला उभे राहणे, गुडघा वाकवून पाय रोवणे, मूठ नीट वळणे, खालचा आणि वरचा वार अडवणे, समोरची साधी किक. मग ‘पूमसे’, म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशी ठरलेल्या क्रमाने केलेल्या हालचालींची मालिका. काळ्या बेल्टपर्यंत अशा आठ मालिका येतात. त्यानंतर ‘क्योरुगी’, म्हणजे दोघांची प्रत्यक्ष लढत. तिचे गुणही मजेशीर आहेत. छातीच्या गार्डवर ठोसा बसला तर एक गुण, लाथ बसली तर दोन, डोक्यावर लाथ बसली तर तीन. गिरकी घेऊन छातीवर मारली तर चार आणि गिरकी घेऊन डोक्यावर मारली तर पाच. जितके अवघड, तितके जास्त गुण. नुसत्या दांडगाईला इथे भाव नाही.

आता वर्गाकडे येऊ. जाणकार प्रशिक्षक विद्यार्थ्यांची विभागणी दोन बाजूंनी करतो, वयाने आणि पातळीने. चार ते सहा वर्षांच्या मुलांना पाऊण तास पुरतो, त्याहून जास्त वेळ त्यांचे लक्ष टिकत नाही. त्यांचा वर्ग म्हणजे खेळच असतो. एका पायावर उभे राहा, रेषेवरून चाला, ‘थांब’ म्हटले की थांबा. हाना, दुल, सेत, नेत असे कोरियन आकडे म्हणत उड्या मारा. या वयात डावा-उजवा कळणे आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हीच मोठी कमाई.

सात ते अकरा हे वय शिकण्याचे. शरीर लवचिक, भीती कमी, पाठांतर चांगले. पूमसे इथे पक्के होतात. लढतीचा सराव असतो, पण छातीला गार्ड, डोक्याला हेल्मेट, नडगी आणि हाताला पॅड, दातांना माउथगार्ड घालून. आणि डोक्यावर जोरात मारायची मुभा नसते. बारानंतर खरी स्पर्धा सुरू होते. जागतिक संघटनेच्या स्पर्धांत बारा ते चौदा हा एक गट आणि पंधरा ते सतरा हा दुसरा. आपल्या शालेय क्रीडा स्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे गट असतात, तालुका-जिल्ह्यापासून राज्यापर्यंत. म्हणजे जी मुलगी सहावीत वर्ग सोडते, ती खेळ खऱ्या अर्थाने सुरू होण्याच्या आदल्या दिवशी मैदानाबाहेर जाते.

त्यापुढे मोठ्यांचा वर्ग. आपल्याकडे ही कल्पनाच रुजलेली नाही. तायक्वांदो म्हटले की डोळ्यांसमोर पोरेच येतात. पण पूमसेच्या जागतिक स्पर्धांत साठीच्या पुढच्या आणि पासष्टच्याही पुढच्या खेळाडूंचा वेगळा गट असतो. चाळिशीच्या बाईला उंच लाथ मारायची गरज नाही. तिला कंबरेइतकी लाथ, पाठीचा ताण, श्वास आणि तोल शिकवला तरी पुष्कळ झाले. उतारवयात घरात पडून हाड मोडणे म्हणजे काय, हे आपण सगळ्यांनी आपापल्या आजीच्या खाटेजवळ पाहिले आहे. एका पायावर दहा मोजेपर्यंत उभे राहण्याचा सराव हा काही तरुणांचा चोचला नाही.

अपंग मुलांसाठीही या खेळात जागा आहे. टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये तायक्वांदो पहिल्यांदा आले. तिथे अफगाणिस्तानची झकिया खुदादादी खेळली. एका हाताने अपंग असलेली ही हेरातची मुलगी. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतले तेव्हा ती देशात अडकली होती. तिला कसेबसे बाहेर काढले आणि काही दिवसांत ती टोकियोच्या मॅटवर उभी राहिली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने निर्वासितांच्या संघाकडून कांस्यपदक घेतले. निर्वासितांच्या पॅरालिम्पिक संघाचे ते पहिलेच पदक. आपल्या वस्तीत एका हाताने किंवा एका पायाने अधू असलेल्या मुलांना आपण वर्गाच्या दाराशी तरी नेतो का?

असा हा पायऱ्यांचा जिना. वय कोणतेही असो, अंगात बळ किती का असेना, प्रत्येकाला त्याची पायरी आहे. प्रत्यक्षात वस्त्यांमध्ये मात्र जिन्याचा उतार होतो. भाड्याचा हॉल आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी एकच तास. त्या एका तासात पाच वर्षांचे पोर, बारा वर्षांची मुलगी आणि अठरा वर्षांचा मुलगा एकाच मॅटवर. सर एकटेच. ते तरी काय करणार? हॉलचे भाडे निघायला मुलांची संख्या लागते आणि संख्या असली की विभागणी होत नाही. लहान मुले कंटाळतात, मोठी मुले आडदांड होतात. आणि बारा वर्षांची मुलगी, जिचे शरीर नुकते बदलू लागले आहे, ती अठरा वर्षांच्या मुलासमोर लाथ उचलायला संकोचते. तिचा संकोच कुणाच्या लक्षात येत नाही. ती मागच्या रांगेत जाते, मग दाराजवळ जाते, मग घरी राहते.

त्या परीक्षेनंतर वर्ग सोडलेल्या तीन मुलींच्या घरी मी गेलो. एका घरी अम्मी म्हणाल्या, ‘आम्ही नाही कुठे म्हटलं? पण वर्ग सुटतो तेव्हा अंधार होतो आणि गल्लीच्या तोंडाशी पोरं उभी असतात.’ दुसऱ्या घरी कारण होते कपडे बदलायच्या खोलीचे. शाळेच्या संडासाला कडी नाही. पाळीच्या दिवसांत पांढऱ्या ड्रेसमध्ये दीड तास काढायचा, या विचारानेच मुलीने जाणे सोडले आणि कारण कुणाला सांगितले नाही. तिसऱ्या घरी आजीने एका वाक्यात निकाल दिला, ‘लोगां क्या बोलेंगे?’

तिन्ही घरांत धर्माचा उल्लेख कुणी केला नाही. अंधार, कडी आणि लोक. मुस्लिम मुलगी खेळ सोडते तेव्हा बाहेरचे लोक लगेच म्हणतात, ‘त्यांच्यात चालत नाही.’ आणि आपल्यातले काहीजण त्याला दुजोरा देतात, कारण तसे म्हटले की कडी बसवायची जबाबदारी कुणावरच येत नाही. दोघांनाही हे उत्तर सोयीचे आहे.

धर्माच्या नावाने विचारले जाणारे प्रश्न टाळू नयेत, त्यांना सरळ सामोरे जावे. पहिला प्रश्न झुकण्याचा. वर्ग सुरू होताना विद्यार्थी कमरेतून वाकून शिक्षकाला आणि एकमेकांना अभिवादन करतात. आम्ही अल्लाहशिवाय कुणापुढे झुकत नाही, असे काही पालक म्हणतात. त्यांच्या भावनेचा आदर ठेवून सांगायचे, तर हे अभिवादन म्हणजे पूजा नाही. कोरियात लोक दुकानात शिरतानाही असेच वाकून भेटतात. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना मान लववून आदाब करत आलेच आहेत. तरीही एखाद्या मुलाला ते जड जात असेल, तर छातीवर हात ठेवून मान हलवली म्हणून कोणताही समंजस शिक्षक त्याला बाहेर काढणार नाही. बोलून सुटणारा हा प्रश्न आहे. रमजानच्या महिन्यात वर्गाची वेळ बदलून घेणे हेही बोलूनच होते.

दुसरा प्रश्न कपड्यांचा. तायक्वांदोचा ड्रेस अंगभर आणि सैल असतो, बाह्या मनगटापर्यंत आणि पायजमा घोट्यापर्यंत. मुलीचे अंग झाकावे असा आग्रह धरणाऱ्या घरालाही त्यात काही खटकू नये. केस झाकायचे असतील तर हेल्मेटखाली स्कार्फ बांधायला जागतिक नियमांत मुभा आहे. आणि इथे दोन इराणी मुलींची गोष्ट सांगायला हवी.

किमिया अलीजादेह हिने २०१६ मध्ये रिओला, वयाच्या अठराव्या वर्षी, डोक्याला स्कार्फ बांधून कांस्यपदक जिंकले. ऑलिम्पिक पदक मिळवणारी ती इराणची पहिली महिला. २०२० मध्ये तिने हिजाबच्या सक्तीवर उघड टीका करत देश सोडला. टोकियोला ती निर्वासितांच्या संघातून, स्कार्फशिवाय खेळली, आणि तिथे पहिल्याच लढतीत तिच्यासमोर आली इराणची नाहिद कियानी. किमिया जिंकली. पुढे २०२४ मध्ये पॅरिसला महिलांच्या ५७ किलोखालील गटाचा पदकसमारंभ झाला, तेव्हा सुवर्ण कोरियाच्या खेळाडूकडे होते, रौप्य नाहिदकडे आणि एक कांस्य किमियाकडे; ती आता बल्गेरियाकडून खेळत होती. नाहिदच्या केसांवर स्कार्फ होता, किमियाच्या नव्हता. दोघी एकाच देशात वाढल्या, एकाच वजनगटात लढल्या आणि एकाच मंचावर उभ्या राहिल्या.

आमची भूमिका त्या मंचासारखीच आहे. स्कार्फ बांधून येणाऱ्या मुलीला वर्गाच्या दारात कुणी अडवू नये आणि स्कार्फ न बांधणाऱ्या मुलीला वस्तीच्या नाक्यावर कुणी अडवू नये. तिने काय घालायचे हे तिला मोठेपणी ठरवू द्या. आज तिने मॅटवर यायला हवे, एवढेच बघा. डोके झाकायचे की नाही यावर आपण वर्षानुवर्षे वाद घालत बसतो, आणि तेवढ्या वेळात मुलगी सातवीतून दहावीत जाते. तिची लवचिकता जाते, सवय जाते, हौसही जाते.

काही पालक म्हणतील, हे सगळे श्रीमंत देशांचे चोचले. वस्तुस्थिती उलटी आहे. या खेळाला तलाव, घोडे, महागडी रॅकेट लागत नाही. सपाट जमीन, सराव आणि शिकवणारा माणूस, बस. म्हणूनच गरीब आणि युद्धाने पोळलेल्या देशांची पदके यात दिसतात. अफगाणिस्तानचे पहिलेवहिले ऑलिम्पिक पदक २००८ मध्ये बीजिंगला तायक्वांदोत आले. ते जिंकणारा रोहुल्लाह निकपाई लहानपणी इराणमध्ये निर्वासित म्हणून राहिला होता. २०१२ मध्ये लंडनला त्याने आणखी एक पदक घेतले. जॉर्डनचे पहिले ऑलिम्पिक पदकही याच खेळातले, २०१६ चे, आणि तेही सुवर्ण. जॉर्डनमध्येच सीरियातून आलेल्या निर्वासितांसाठी अझराक नावाची छावणी आहे. वाळवंटात, पत्र्याच्या घरांची. तिथे तायक्वांदोचा वर्ग चालतो. मुले पांढऱ्या बेल्टपासून एकेक पायरी चढतात, मुलीही. त्या वर्गात शिकलेला याह्या अल घोतानी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये निर्वासितांच्या संघाच्या दोन ध्वजधारकांपैकी एक होता. पत्र्याच्या छावणीत जे जमते, ते महापालिकेच्या पक्क्या हॉलमध्ये जमायला हरकत नाही.

आता एक गैरसमज. मुलींसाठी वर्ग म्हटला की आपण लगेच ‘स्वसंरक्षण’ हा शब्द आणतो. सरकारी शाळांतही सहावी ते बारावीच्या मुलींना तीन महिने स्वसंरक्षणाचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे. ती जरूर राबवावी. पण तीन महिन्यांत कोणताही प्रामाणिक शिक्षक विद्यार्थ्याला फार तर पिवळ्या बेल्टपर्यंत नेतो. समारोपाला फोटो निघतो, प्रमाणपत्र मिळते आणि ‘आता आमच्या मुली सुरक्षित’ अशी भाषणे होतात. पिवळ्या बेल्टच्या मुलीला अंगावर आलेल्या पुरुषाला लोळवता येत नाही. तसे तिला सांगणे ही फसवणूक आहे आणि धोकाही.

वर्षानुवर्षे सराव केलेल्या मुलीला मिळते ते वेगळे असते. ती ताठ चालते. ‘नाही’ हा शब्द पोटातून मोठ्याने काढायला तिला भीती वाटत नाही, कारण वर्गात प्रत्येक लाथेबरोबर तिने ओरडायचे असते. आपल्या घरांत मुलींना मोठा आवाज काढायची परवानगी असलेली दुसरी जागा सांगा. अंतर किती ठेवायचे आणि कधी पळायचे हे तिला कळते. मार बसला तरी जग संपत नाही, हे तिने अनुभवलेले असते. यातले काहीही तीन महिन्यांत येत नाही. आणि मुलीला लाथ शिकवली म्हणजे गल्लीतला दिवा लावायची आणि नाक्यावरच्या पोरांना हटवायची जबाबदारी संपली, असे समजणाऱ्यांना तर आम्ही हात जोडून सांगू, की मुलीची सुरक्षितता हे एकट्या मुलीचे काम नाही. नाक्यावरच्या त्या पोरांनाही वर्गात आणा. संयम आणि आदर हे दोन धडे त्यांनाच जास्त हवे आहेत.

पैशांविषयीही स्पष्ट बोलायला हवे. महिन्याची फी बहुतेक वर्गांत परवडण्यासारखी असते. खरा भार पडतो ड्रेस, गार्ड आणि दर काही महिन्यांनी येणाऱ्या बेल्ट परीक्षेचा. दोन-तीन मुले असलेल्या घरात परीक्षेची फी एकदम भरायची वेळ आली, की आधी कुणाचे नाव कापले जाते हे सांगायला नको. मुलगा खेळेल, मुलगी पुढच्या वेळी. ती पुढची वेळ येत नाही. काही ठिकाणी परीक्षा ही शिकल्याची पावती न राहता वसुलीची तारीख झाली आहे. पैसे भरले की बेल्ट मिळतोच. असा बेल्ट मुलाच्या मनात खोटा आत्मविश्वास भरतो. नापास करण्याची हिंमत नसलेल्या परीक्षकाकडून मिळालेला लाल बेल्ट म्हणजे रंगीत फडके.

प्रमाणपत्राचेही पाहून घ्यावे. आपल्या देशात तायक्वांदोच्या एकाहून अधिक संघटनांनी आपणच खरी राष्ट्रीय संघटना असल्याचा दावा केला आणि मान्यतेचे वाद न्यायालयापर्यंत गेले. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. पण त्यासाठी स्पर्धा कोणत्या संघटनेची आणि तिला मान्यता आहे का, हे तपासले जाते. ‘नॅशनल’ असे छापलेले प्रत्येक प्रमाणपत्र चालत नाही. प्रवेश घेतानाच विचारा. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा. प्रश्न विचारणाऱ्या पालकावर चिडणारा प्रशिक्षक असेल, तर दुसरा वर्ग शोधा.

मग करायचे काय? आम्ही पाच गोष्टी सुचवतो. कोणत्याही वस्तीला त्या जमतील.

पहिली, वेळा वेगळ्या करा. लहानांचा वर्ग आधी, बारापुढच्या मुलींचा त्यानंतर, उजेड असताना. मोठ्या मुलांचा शेवटी. शाळेचे हॉल दुपारनंतर रिकामे असतात. पन्नास पालकांच्या सह्यांचा अर्ज घेऊन नगरसेवकाकडे आणि शिक्षण विभागाकडे जा. एकदा नाही म्हणतील, तर दुसऱ्यांदा जा.

दुसरी, कडी बसवा. संडासाला कडी, बदलायला खोली, पाणी, आणि कपाटात सॅनिटरी पॅडचा एक पुडा. पाळीच्या दिवसांत मुलीला गडद रंगाच्या पायजम्यात सराव करू देणारा शिक्षक खेळाचा अपमान करत नाही. या सगळ्याचा खर्च एका दावतीपेक्षा कमी आहे.

तिसरी, स्त्री प्रशिक्षक घडवा. त्या आकाशातून पडणार नाहीत. आज निळ्या बेल्टवर असलेली ती एकटी मुलगी काळ्या बेल्टपर्यंत पोचली, तर चार वर्षांनी पन्नास मुलींना शिकवेल. तिच्या परीक्षेची फी वस्तीने भरावी. जकातीतून शिक्षणाला मदत देणाऱ्यांनी हेही शिक्षण आहे का, याचा जाणकारांशी बोलून विचार करावा. ज्यांना तो मार्ग नको वाटेल त्यांनी साधी वर्गणी काढावी.

चौथी, नियम लिहून भिंतीवर लावा. महिन्याची फी किती, परीक्षेची फी किती, संघटना कोणती. मुलामुलींच्या अंगाला हात लावून शिकवण्याआधी विचारावे. एकट्या मुलाला बंद खोलीत थांबवू नये. वर्गाच्या वेळी किमान एक पालक हॉलमध्ये बसावा. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१२ पासून पॉक्सो कायदा आहे, हे शिक्षकाला, पालकाला आणि मुलांना, तिघांनाही माहीत हवे. चांगल्या शिक्षकालाही या नियमांचे संरक्षणच मिळते.

पाचवी, आयांचा वर्ग सुरू करा. आठवड्यातून दोन सकाळी, मुले शाळेत गेल्यावर. ही सूचना शेवटी लिहिली असली तरी आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. ज्या बाईने स्वतः पांढरा बेल्ट बांधून घाम गाळला आहे, ती आपल्या मुलीला पिवळ्या बेल्टवर थांबू देणार नाही. ‘लोगां क्या बोलेंगे’ या प्रश्नाला उत्तर द्यायला मग घरातच एक माणूस असेल. लोक म्हणजे तरी कोण? त्या गल्लीतल्या आयाच तर आहेत. त्या मॅटवर आल्या की बोलणारे लोकही बदलतील.

त्या रविवारी शेजारची मुलगी पास झाली. तिला पिवळा बेल्ट मिळाला. गाठ कशी मारायची ते तिला जमेना. डाव्या टोकाचे उजवे होत होते. तेव्हा निळ्या रांगेतली ती एकटी मुलगी उठून आली, तिच्यासमोर गुडघ्यावर बसली आणि दोन्ही टोके सारखी करून गाठ मारून दिली. मी तिला विचारले, ‘कितवीत आहेस, बेटी?’ म्हणाली, ‘आठवीत.’ मग विचारले, ‘बाकीच्या मैत्रिणी?’ तिने खांदे उडवले. ‘होत्या. आता मी सरांबरोबर लहान मुलांना शिकवते, म्हणून येते.’

तिच्याबरोबर लढतीचा सराव करायला तिच्या वयाची, तिच्या पातळीची एकही मुलगी त्या हॉलमध्ये नाही. जोडीदार नसला की किती दिवस टिकणार? पुढची परीक्षा तीन महिन्यांनी आहे. तेवढ्या वेळात मुलींच्या वर्गासाठी उजेडातला एक तास मिळवायचा आणि सोडून गेलेल्या मुलींच्या घरी पुन्हा जायचे, असे आम्ही काहीजणांनी ठरवले आहे. कडी गेल्या मंगळवारी बसवली.